थारच्या पुढच्या डिस्क आणि पॅड: काय घ्यावं, काय टाळावं

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलंय. गाडी 2021 ची थार, डिझेल, 60,000 किलोमीटरच्या पुढे गेलेली. आठवडाभर मुलुंड ते अंधेरी ऑफिस, आणि जमेल तेव्हा घरच्यांना घेऊन कोकण नाहीतर घाटावर, टपावरच्या कॅरिअरवर सामान. कंपनीचे 245/75 आर 16 टायर काढून 285/70 आर 17 टाकलेत. हल्ली उतारावर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही डिस्क वाकल्यात, बदलून टाका. मग ते बाजारात फिरले. एका दुकानात भोकं आणि खाचा असलेल्या डिस्कचा चकाचक सेट दाखवला, दुसऱ्याने सिरॅमिक पॅडचा आग्रह धरला, तिसऱ्याने निम्म्या किमतीत ‘लोकल, पण चांगला’ माल काढून ठेवला. आता नक्की घ्यायचं काय, हा त्यांचा प्रश्न.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. साध्या, बिनभोकाच्या, कंपनीच्याच मापाच्या व्हेंटिलेटेड, म्हणजे मधून हवा खेळणाऱ्या, डिस्क घ्या. मधल्या टोपीवर आणि कडेला गंजरोधक कोटिंग असेल तर उत्तम. पॅड चांगल्या नावाचे लो-स्टील किंवा सेमी-मेटॅलिक. सोबत नवं डॉट 4 ब्रेक ऑइल, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना, त्यांचे रबरी बूट आणि पॅड बसतात त्या स्टीलच्या क्लिपा. भोकांच्या सेटवर जाणारे जादा पैसे वाचतात, त्यातला थोडा भाग ज्याच्याकडे डायल गेज (डिस्कची बारीक डगमग मोजणारं साधन) आहे आणि ते वापरायची सवय आहे अशा मेकॅनिकला द्या. ब्रेकच्या कामात मी सगळ्यात जास्त पैसा वाया गेलेला पाहिलाय तो इथेच: माल भारी, फिटिंग घाईचं.

आता थरथरीबद्दल. ‘डिस्क वाकली’ हे आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं, पण रस्त्यावरच्या गाडीची डिस्क तापून थाळीसारखी वाकणं फार क्वचित होतं. होतं ते असं: डिस्क हबवर, म्हणजे ती आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, अगदी सरळ बसलेली नसते. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिलेला असतो, किंवा चाकाचे नट न्यूमॅटिक गनने कमीजास्त आवळलेले असतात. त्यामुळे फिरताना डिस्क मिलिमीटरच्या काही शतांश भागाने डगमगते. ब्रेक न लावता तुम्ही हायवेवर चालला असता तेव्हाही तिची एक ठरावीक जागा दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते. काही हजार किलोमीटर गेले की त्या जागी डिस्क पातळ होते, किंवा पॅडचं मटेरियल तिथे थरासारखं चिकटतं. जाडीतला हा फरक 0.015 ते 0.02 मिलिमीटर झाला तरी पेडलला धडधड जाणवते. डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून नुसत्या डिस्क बदलून हब तसाच ठेवला, तर पहिले काही महिने गाडी लोण्यासारखी थांबते आणि मग तीच थरथर परत येते. मग दोष मालाला दिला जातो.

तुमच्या गाडीत पहिल्यांदा हे ठरवा की थरथर पुढून येते की मागून. स्टिअरिंग हलत असेल तर बहुतेक पुढच्या डिस्क. स्टिअरिंग शांत आणि सीट किंवा पेडल धडधडत असेल तर मागचे ड्रम, कारण थारला मागे ड्रम आहेत. मोकळ्या मैदानात, मागेपुढे कोणी नसताना, 30 च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हलकेच ओढून बघा. धडधड आली तर ड्रम अंडाकृती झालेत. घाटातून तापून उतरल्या उतरल्या हँडब्रेक करकचून ओढून गाडी उभी करण्याच्या सवयीनेही असं होतं. मोठे टायर टाकल्यावर बॅलन्सिंग नीट झालंय का, खालचे बॉल जॉइंट आणि बुश ढिले नाहीत ना, हेही त्याच वेळी तपासून घ्या. पण नुसती बॅलन्सिंगची थरथर ब्रेक न लावताही येते. तुमची फक्त ब्रेकवर येते, म्हणजे बोट डिस्ककडेच जातंय.

डिस्क बदलायचीच का, तेही मापून ठरवा. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा ओतलेला असतो. गंज तारेच्या ब्रशने काढला की दिसतो. साधारणपणे नवी डिस्क आणि तिची किमान जाडी यात 2 मिलिमीटरच्या आसपास फरक असतो, पण तुमच्या डिस्कवर जो आकडा आहे तोच खरा. मोजायला साधा व्हर्निअर चालत नाही. घासलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न घासलेला कंगोरा उरतो, व्हर्निअरचे जबडे त्या कंगोऱ्यावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. मायक्रोमीटर हवा, आणि कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत, गोलावर आठ ठिकाणी माप घ्यायचं. आठही आकडे लिहून काढायला सांगा. सगळे आकडे किमान जाडीच्या वर असतील आणि चिरा नसतील, तर लेथवर किंवा गाडीवरच बसणाऱ्या मशीनने फेस मारून, म्हणजे वरचा पातळ थर छिलून सपाट करून, डिस्क वाचवता येते. मात्र फेस मारल्यानंतरही किमान जाडीच्या वर पुरेसं धातू उरायला हवं, नाहीतर सहा महिन्यांत परत तोच खर्च. बारीक जाळीसारख्या केसाएवढ्या रेषा चालतात. बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली किंवा नख अडकेल अशी चीर दिसली की ती डिस्क भंगारात.

साठ हजारांच्या पुढे गेलेल्या, घाट करणाऱ्या, वजनदार गाडीत माझा अंदाज डिस्क बदलण्याकडेच झुकतो. तरीही मापून घ्या.

कोणती डिस्क, हा प्रश्न मुळात उष्णतेचा आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर, खोपोली 60 च्या आसपास. म्हणजे बोरघाट उतरताना गाडी साधारण 550 मीटर खाली येते. या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते ती 80 किलोमीटर वेगातून गाडी पूर्ण थांबवण्याच्या ऊर्जेच्या जवळजवळ 22 पट आहे. गाडीचं वजन किती, याने या पटीत फरक पडत नाही, कारण दोन्हीकडे वजन सारखंच येतं. तुमची थार चौघं आणि सामान धरून 2,100 किलो मानली, तर हा आकडा 11 मेगाज्यूलच्या वर जातो. इंजिन ब्रेकिंग, वारा आणि टायर यातला बराच भाग खातात. जे उरतं ते सगळं पुढच्या दोन लोखंडी चकत्यांना, मागच्या ड्रमना आणि पॅडना सोसावं लागतं, आणि त्यातही मोठा वाटा पुढच्यांचा, कारण उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. डिस्क म्हणजे उष्णता साठवायचं आणि मग हवेत सोडायचं लोखंड. तिच्यात लोखंड किती, आणि दोन पृष्ठभागांमधल्या पाकळ्यांतून हवा किती खेळते, यावर सगळं ठरतं.

हे एकदा ध्यानात आलं की भोकांच्या डिस्कचा निकाल आपोआप लागतो. भोकं पाडायची म्हणजे लोखंड काढून टाकायचं, म्हणजे उष्णता साठवायची ताकद कमी करायची. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर खूप वायू सुटायचा, त्याला वाट द्यायला भोकांचा उपयोग होता. आजच्या चांगल्या पॅडला त्याची तेवढी गरज नाही. वर भोकांच्या कडा हीच चीर सुरू व्हायची जागा. आणि तुम्ही चिखलात जाता. लाल मातीचा चिखल त्या भोकांत भरून वाळला की विटेसारखा घट्ट बसतो. नुसत्या खाचा असलेल्या डिस्क त्यापेक्षा बऱ्या. पावसात पॅडखालचं पाणी आणि वाळू लवकर पुसून जाते, सलग तापलेल्या पॅडचा चकाकलेला थर खरवडला जातो. पण पॅड लवकर झिजतात, हलकी घरघर येते, आणि डोंगरात रोज भरल्या गाडीने उतरणाऱ्यालाच तो फायदा खरा जाणवतो. आठवडाभर जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला साधी, भरीव पृष्ठभागाची डिस्कच योग्य.

डिस्कचं लोखंड म्हणजे ग्रे कास्ट आयर्न. त्यात ग्राफाइटच्या पापड्या असतात, त्या उष्णता पसरवतात आणि कंपनं गिळतात. चांगली ओतीव डिस्क आणि स्वस्त डिस्क काउंटरवर सारखीच दिसते. फरक कळतो तो पाकळ्यांत: दोन्ही पृष्ठभागांची जाडी सारखी आहे का, पाकळ्यांत ओतकामाची वाळू किंवा लोखंडाचे गोळे राहिलेत का, कडेवर बॅलन्ससाठी छाटलेली जागा आहे का, किमान जाडीचा आकडा आणि बॅच नंबर ओतलाय का. बोट आत घालून बघा, दुकानदाराला राग येत नाही. पाकळ्या वळणदार असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. उलटी बसली तर हवा ओढण्याऐवजी अडते.

आता पॅड. पॅड मात्र तुमच्या वापराप्रमाणे खरंच बदलतो, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑर्गॅनिक पॅड गप्प असतात, डिस्कला मऊ, धूळ कमी. शहरात हलक्या गाडीला छान. दोन टनांची गाडी घाटातून उतरवताना ते लवकर दमतात. सेमी-मेटॅलिकमध्ये स्टीलचे तंतू भरपूर, उष्णता सोसतात. पण डिस्क जास्त खातात, थंड असताना किंचित उशिरा पकडतात, आणि उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडे वाहून नेतात, म्हणजे ब्रेक ऑइल जास्त तापतं. लो-स्टील हा त्यांच्या मधला प्रकार. पकड पहिल्या दाबापासून चांगली, थोडी काळी धूळ रिमवर बसते. सिरॅमिक पॅड शांत, धूळ हलक्या रंगाची आणि कमी, शहरी एसयूव्हीला उत्तम. मात्र ‘सिरॅमिक’ या नावाने दबून जाऊ नका. काही महागड्या स्पोर्ट्स गाड्यांत कार्बन-सिरॅमिक डिस्क असते, तिचा या पॅडशी संबंध नाही. सिरॅमिक पॅड उष्णता आपल्यातून कमी जाऊ देतो, त्यामुळे ती डिस्कमध्येच जास्त राहते. फक्त शहरातल्या शहरात, बीकेसी ते पवई करणाऱ्या गाडीला मी सिरॅमिकच सांगितला असता. तुमचं वजन, टायर आणि घाट बघता लो-स्टील, नाहीतर बऱ्या दर्जाचा सेमी-मेटॅलिक.

पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर बऱ्याचदा छापील नंबराच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात: ई-ई, एफ-एफ, जी-एफ अशी. ही घर्षणाची श्रेणी. पहिलं अक्षर सामान्य तापमानाला, दुसरं गरम झाल्यावर. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दोन्ही अक्षरं सारखी असणं चांगलं, म्हणजे तापल्यावर पकड फारशी ढळत नाही. एफ-एफ शोधा. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असलेला पॅड, उदाहरणार्थ एफ-ई, घाटासाठी नको. ई-ई तर दोन टनांच्या गाडीला घेऊच नका. जास्तच कडक, जी-जी, घ्यायलाही मी सांगणार नाही. पुढचे ब्रेक मूळ हिशेबापेक्षा फार जोरात पकडू लागले तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी घसरायला बघतात आणि एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सारखी मध्ये येते. युरोपात ईसीई आर 90 नावाचा नियम आहे. त्यात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतच ठेवावी लागते, जास्तही नाही आणि कमीही नाही. यातली समज आपल्यालाही घेण्यासारखी आहे: बदली माल मूळ मालाच्या जवळ राहिला पाहिजे.

अक्षरं मात्र टिकाऊपणा सांगत नाहीत, आवाज सांगत नाहीत, आणि पॅड पत्र्याला किती घट्ट धरून आहे तेही सांगत नाहीत. मुंबईत हा शेवटचा मुद्दा मोठा आहे.

समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे पॅड काढताना मी ते नेहमी कडेवरून बघतो. वर्सोवा, मढ, वरळी सी फेस अशा ठिकाणच्या गाड्यांत लायनिंग भरपूर शिल्लक असतं, 6-7 मिलिमीटर, गाडीवाला खूश असतो. पण लायनिंग आणि मागचा लोखंडी पत्रा यांच्या सांध्यात गंज शिरलेला असतो. गंज फुगतो आणि लायनिंगला पत्र्यापासून उचलतो. पातळ स्क्रूड्रायव्हर लावला की कोपरा खपलीसारखा निघून हातात येतो. हे घाटात झालं तर काय, ते सांगायची गरज नाही. म्हणून पॅड घेताना पत्रा पूर्ण रंगवलेला किंवा पावडर कोट केलेला हवा, कडा मोकळ्या नकोत. काही कंपन्या पत्र्यावर हुकासारखे बारीक काटे उभे करून त्यावर लायनिंग दाबून बसवतात. तसा मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. मुलुंडला खाडीची हवा आहेच, आणि तुमच्या कोकण फेऱ्यांत गाडी चाकांपर्यंत खारं पाणी लागलेल्या वाळूत जात असेल तर परत येऊन चाकांच्या आतून गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा.

तीच गोष्ट स्लाइड पिनांची. थारसारख्या गाडीत पुढचा कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे पिस्टन एका बाजूला आणि सगळा कॅलिपर पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढतो. रबरी बूट फाटला, पावसाळ्यातलं पाणी आत गेलं, की पिन जागेवर गंजते. मग आतला पॅड झिजत राहतो आणि बाहेरचा नुसता बसून असतो. जुने पॅड काढल्यावर ते जोडीने शेजारी ठेवून बघा. आतला 3 मिलिमीटर आणि बाहेरचा 8 असेल, किंवा एकाच पॅडची एक बाजू उतरती झाली असेल, तर दोष कॅलिपरचा आहे. त्यावर नवे पॅड घातले की तेही तसेच खाल्ले जाणार. पिना साफ करून, किंवा खड्डे पडले असतील तर नव्या घालून, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं. साधं चेसिस ग्रीस तिथे अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिन उलट घट्ट बसते.

फोर-बाय-फोरची आणखी एक गोष्ट, जी साध्या गाडीवाल्याला लागत नाही. थारच्या बऱ्याच मॉडेलमध्ये, आणि हल्लीच्या बहुतेक फोर-बाय-फोरमध्ये, चिखलात एक चाक हवेत फिरायला लागलं की इलेक्ट्रॉनिक्स त्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवतं. हिल डिसेंट, म्हणजे उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय, तीसुद्धा ब्रेकवरच चालते. म्हणजे तुम्ही पेडलला पाय लावला नाही तरी पॅड काम करत असतात, तेही चिखल आणि खडीच्या संगतीत. अशी एखादी फेरी झाली की डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्या फटीत बारीक खडा अडकलेला मिळतो, पत्र्यावर चमकदार गोल ओरखडा आणि डिस्कवर खोल रेघ. मागच्या ड्रममध्ये तर गाळ साठून राहतो, त्याला बाहेर पडायला वाट नाही. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्या आठवड्यात ड्रम उघडून साफ करून घ्या. गाळ वाळला की शू (ड्रमला आतून दाबणारे लायनिंगचे तुकडे) आणि ड्रम दोन्ही पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. ती धूळ कंप्रेसरच्या हवेने फुंकू देऊ नका. ब्रेक क्लीनरने धुऊन काढायची, जुन्या लायनिंगची धूळ फुप्फुसात जाणं वाईट.

टायरचा हिशेब तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्या तक्रारीत आहे. 245/75 आर 16 चा व्यास सुमारे 774 मिलिमीटर, 285/70 आर 17 चा सुमारे 831. म्हणजे 7 टक्क्यांहून जास्त वाढ. ब्रेक तेवढाच पिळा देतो, पण तो आता जास्त लांबीच्या दांड्याविरुद्ध काम करतो, त्यामुळे त्याच पायाच्या दाबाला रस्त्यावरचा रोध तेवढ्याच प्रमाणात घटतो. वर टायर जड झाले, म्हणजे फिरतं वजन थांबवायचं जादा काम. मोठ्या डिस्कचा किट टाकावा का? माझं म्हणणं, नको. त्याने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल आणि एबीएसचा हिशेब बदलतो आणि सुटे भाग पुढे मिळत नाहीत. वर सांगितलेला एफ-एफ पॅड आणि उतारावर खालचा गिअर, एवढ्यात हा फरक भरून निघतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरा. घाटात पाय सतत पेडलवर टेकवून ठेवण्यापेक्षा ठाम ब्रेक लावून वेग उतरवा आणि पाय काढा. तेवढ्यात डिस्कला हवा लागते.

घाटात ब्रेक दगा देऊ लागला तर तो कशामुळे हे पायाला कळतं. पेडल टणक आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून दमलेत. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. दुसरं जास्त घातक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या मुंबईइतकी ओल कुठे आहे! डॉट 3 ताजं असताना किमान 205 अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर 140 ला. डॉट 4 ताजं 230, ओलं 155. डॉट 5.1 ताजं 260, ओलं 180. दोन वर्षं झाली की ऑइल काळं झालंय का याची वाट न बघता बदला. 5.1 हे डॉट 4 च्या सिस्टिममध्ये चालतं. नुसतं डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, ते चुकूनही नको. सीलबंद लहान बाटली घ्या. गॅरेजच्या कपाटातली अर्धी उघडी बाटली वापरू देऊ नका.

खरेदीचं सांगतो. ऑपेरा हाउसच्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाण्याआधी गाडीचा चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवरून डिस्क आणि पॅडचा पार्ट नंबर लिहून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे, व्हेरिअंटप्रमाणे पॅड बदलतात. मग बाजारात ब्रेम्बो, बॉश, टीव्हीएस गर्लिंग, राणे अशी नावं मागा आणि त्यांच्या कॅटलॉगमध्ये तुमचा नंबर जुळतोय का ते दाखवायला सांगा. ‘बसेल साहेब’ हे उत्तर ब्रेकच्या बाबतीत चालत नाही. खोक्यावरचं होलोग्राम किंवा स्क्रॅच कोड फोनवर तिथेच तपासा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि पॅडच्या पत्र्यावर उमटवलेला नंबर ताडून बघा. नकली मालाचा पत्रा बऱ्याचदा पातळ असतो, छपाई पुसट, आणि चार पॅडपैकी एखाद्यावर शिमच (पॅडमागची आवाज दाबणारी पातळ पट्टी) नसतो. ‘लोकल, पण चांगला’ असं कोणी म्हणालं तर कोणी बनवला, कोणती श्रेणी, बॅच कोणती, एवढं विचारा. उत्तर नसेल तर पुढे चला. वायपर लोकल घेतला तर पावसात डोळे ताणून बघावं लागतं, ब्रेकमध्ये तेवढ्यावर भागत नाही.

डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या एकदम. नव्या डिस्कवर जुने पॅड नको, त्यांना जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा आकार आलेला असतो.

फिटिंगच्या दिवशी शक्य असेल तर तिथे उभे राहा. जुनी डिस्क निघाली की हबचं तोंड बघा, बोल्टच्या भोवती तपकिरी पापुद्रा असेलच. तो तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढायला लावा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. डिस्क नटांनी हबला आवळून डायल गेज लावायचं आणि हाताने एक फेरा फिरवायचा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत हलला तर झकास. जास्त असेल तर डिस्क हबवर एकेक बोल्ट पुढे सरकवून परत मोजा. पुष्कळदा तेवढ्यानेच उतरतं. तरीही उतरलं नाही तर हब किंवा बेअरिंग बघावं लागेल. पिस्टन मागे ढकलताना ब्लीड निप्पल (कॅलिपरवरचा ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडून जुनं ऑइल बाहेर जाऊ द्यायचं, म्हणजे कॅलिपरमधली घाण एबीएसच्या युनिटकडे परत जात नाही. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणू नका. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लटकवू नका, तारेने बांधून ठेवा. चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला. गन फक्त काढताना.

गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्या, नाहीतर पहिला ब्रेक जमिनीपर्यंत जातो आणि गाडी गॅरेजच्या भिंतीला लागते.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवायचं काम. रविवारी पहाटे, मोकळा आणि सरळ रस्ता, मागे कोणी नाही याची खात्री. 60 च्या वेगातून मध्यम जोर लावून 15 पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. दोन ब्रेकमध्ये थोडं अंतर ठेवून असं आठ-दहा वेळा. थोडा जळका वास आला तर घाबरू नका. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवत थंड करा. तापलेल्या डिस्कवर गाडी दाबून उभी केली तर पॅडचा ठसा त्या जागी उमटतो, आणि तुमची थरथर तिथूनच नव्याने सुरू होते. पहिले 300 किलोमीटर घाट नको, करकचून ब्रेक नको.

100 किलोमीटर झाले की नट परत टॉर्क पान्याने तपासून घ्या, आणि ऑइलची पातळी बघा. महिन्याभराने चाक काढून आतला-बाहेरचा पॅड सारखा झिजतोय ना, तेवढं मापून लिहून ठेवा. आणि थरथर त्यानंतरही राहिली, तर डिस्कला हात लावण्याआधी मागचे ड्रम उघडा.